बदलीच्या घरातलं आर्केड

शनिवार, श्रावण

मी घरासाठी आर्केड, म्हणजे समोर उभं राहून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र बनवतेय. आज त्याची खालची पेटी, पडद्याचा वरचा भाग आणि बटणांची फळी पहिल्यांदा एकमेकांवर नीट बसली. बोल्ट आवळले, दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं, जागचं हललं नाही. मग सगळं परत सोडवलं आणि एकेक भाग दारातून जिन्याच्या वळणापर्यंत नेऊन आणला. वरचा भाग मी एकटीनं उचलला. अडीच फुटी दारातून जाताना दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते. त्या बोटभर जागेसाठीच उन्हाळ्यापासून कागदावर रेघोट्या मारणं चाललं होतं.

माझी नोकरी बँकेतली, म्हणजे बदली ठरलेली. अकोल्याहून नागपूरला आलो तेव्हा आईनं दिलेलं सागवानी कपाट तिथंच राहिलं. ते वर चढवलं तेव्हा जिन्याला कठडा बसायचा होता, उतरवायच्या वेळी कठडा आडवा आला. कपाट शेजाऱ्यांना देऊन टाकलं. त्याची किंमत आठवत नाही, पण त्याच्या दाराची कुरकुर अजून कानात आहे. तेव्हापासून मनाशी पक्कं आहे: जी वस्तू आयुष्यभर जवळ हवी ती सुटी होणारी असावी, आणि हे अगदी पहिल्या रेघेपासून ठरलेलं असावं. बनवून झाल्यावर कापता येतं, पण ते कापणंच असतं.

गेम पार्लरमधल्या जुन्या यंत्रांना हा विचार करावा लागलाच नाही. स्पेस इन्व्हेडर्स १९७८ चा, पॅकमॅन १९८० चा. माणसाच्या उंचीची पेटी, आत जाड काचेची पिक्चर ट्यूब, वजन शंभर किलोच्या पुढे. दुकानात एकदा ठेवली की ठेवली. पण त्याच धंद्यानं एक सुंदर गोष्ट शोधून ठेवली आहे. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेनं जॅमा नावाची पद्धत आणली: पडदा, आवाज, वीज, बटणं, सगळ्यांच्या तारा एकाच ५६ पिनांच्या पट्टीत. खेळ बदलायचा तर पेटी तशीच, फक्त खेळाचा बोर्ड ओढून काढायचा आणि दुसरा खोचायचा. हे वाचलं तेव्हा मला माझ्या पेटीचं उत्तर मिळालं. लाकूड कुठे सुटेल हे नंतर, तारा कुठे सुटतील हे आधी.

दोन खेळाडू धरले. प्रत्येकाची सहा बटणं, जॉयस्टिकच्या चार दिशा, एक नाण्याचं आणि एक स्टार्टचं. म्हणजे बारा-बारा, एकूण २४ स्विच. हे सगळं फळीतून वर न्यायचं म्हटलं तर तारांची मोळी होते आणि दर बदलीला ती सोडवून पुन्हा जुळवत बसायचं. म्हणून सगळे स्विच ज्याला जोडतात तो एन्कोडर बोर्ड मी फळीच्याच पोटात बसवला. आता फळीतून बाहेर येते ती एकच यूएसबी केबल. खेळ चालवणारा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आणि स्पीकर पडद्याच्या मागे, त्यामुळे त्यांच्या तारा वरच्या भागातच राहतात. खालून वर जाते ती फक्त विजेची एक वायर. पेटी तीन ठिकाणी सुटते आणि दोन तारा काढाव्या लागतात. मला याचा फार आनंद आहे.

खालच्या पेटीत छोटा यूपीएस ठेवलाय. लाईट अचानक गेली तर रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड बिघडू शकतं, हे एक कारण. दुसरं, चपट्या पडद्यामुळे सगळंच इतकं हलकं झालंय की बुडाशी काहीतरी वजनदार हवंच होतं. बॅटरीनं ते काम केलं.

मिस्त्री लकडगंजातले. सध्या त्यांच्याकडे तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची घाई, तरी माझी कापणी मधेच करून दिली. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, नको असं त्यांनीच सांगितलं. आपल्याकडे उन्हाळाभर खोलीत कूलरची ओल आणि पाठोपाठ पावसाळा, एमडीएफच्या कडा फुगतात. म्हणून १९ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे ओलीला टिकणारा प्लाय. जोडांवर मात्र त्यांचा विश्वास बसत नव्हता.

“ताई, हे इतलं सारं खोलाचं काऊन ठेवता? फेव्हिकॉल मारून देतो, जिंदगीभर हालत नाही मंग.”

“हलवायचंच तर आहे, भाऊ.”

त्यांनी गुण्या लावून काटकोन पाहिला, आणि मग तेच जास्त रस घेऊन सांगू लागले. लाकडात स्क्रू तीन-चारदा काढला-घातला की भोक सैल होतं. म्हणून टी-नट: दाते असलेली लोखंडी चकती, आतून आटे. ती अशा बाजूनं ठोकायची की बोल्ट आवळला की आणखी रुतावी. उलट्या बाजूनं ठोकली तर आवळताना ओढली जाऊन निघून येते. आणि बोल्ट एकटा पुरत नाही. तो दोन फळ्या दाबून धरतो, पण त्याचं भोक थोडं मोठं असतं आणि जॉयस्टिकवरचा जोर येतो आडवा. तो आडवा जोर घ्यायला प्रत्येक जोडात दोन लाकडी खुंट्या बसवल्या. आधी खुंट्या जागा पकडतात, मग बोल्ट घट्ट करतो. सगळे बोल्ट ६ मिलिमीटरचे, सगळ्यांना एकच ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की. ती मागच्या दाराच्या आत चुंबकाला चिकटवली आहे. पॅकर्सवाले गेल्यावर नव्या घरात पाना शोधत बसायचं नाही.

हे सगळं कशासाठी, असं ऑफिसात एकीनं विचारलं. तिला थोडक्यात सांगितलं, इथे पूर्ण लिहिते. नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीच्या टोकाला व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दादा आत जायचा, मी पायरीवर उभी राहायची. मुली आत जात नसत. कुणी मनाई केली नव्हती, तरी जात नसत. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स तिथे होता, ज्याला सगळे त्यातल्या एका पात्रावरून मुस्तफाच म्हणायचे. मला तो खेळ पाठीवरून माहीत आहे: खांद्यांच्या फटीतून दिसणारा पडद्याचा तुकडा, आणि बटणांचा टकटक आवाज. तो आवाज बटणाखालच्या मायक्रोस्विचचा असतो हे आता कळलं. सीताबर्डीच्या बाजारात रबरी पॅडची स्वस्त बटणं मिळत होती, ती घेतली नाहीत. आवाज तोच हवा होता.

जुने खेळ संगणकावर चालवणारं मेम (MAME) हे सॉफ्टवेअर १९९७ पासून आहे, तेव्हा घरच्या लॅपटॉपवरही हे खेळता आलं असतं. पण मला समोर उभं राहायचं होतं, कमरेएवढ्या उंचीवर हात ठेवून.

राहिलेलं काम: प्लायच्या कडांना सीलर, नाहीतर ओल तिथूनच शिरते. वरच्या पाटीमागचा एलईडी. प्रत्येक भागाच्या आतून रंगानं क्रमांक. पॅकमॅनसाठी जॉयस्टिकखालची चौकट फिरवून चार दिशांवर आणायची, कारण आठ दिशांत वळणावर काडी तिरपी जाते आणि पॅकमॅन अडतो. लेक म्हणते आठच ठेव, तिला मारामारीचे खेळ हवेत. चौकट बाहेरून फिरवता येईल असं काही करता आलं तर पाहते.

दादा अमरावतीहून पोळ्याला येणार. फोनवर म्हणाला, मुस्तफा मी घेणार. त्या खेळात एक पात्र दोघांना घेता येत नाही. मी सांगितलं, या वेळी मुस्तफा माझा, तू दुसरा कोणीतरी निवड.