तुम्ही विचारलंत म्हणून: फुटबॉलवाल्या पोरांचे क्रेडिट जातात कुठे?

कोल्हापूरला गेले की मामेभाऊ विचारतो, इथे डॅलसकडे गणपतीच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी काका विचारतात, मध्ये फोनवर आत्यानेपण विचारलं. प्रश्न साधारण एकच असतो. "तू त्या फुटबॉलवाल्या पोरांना गणित शिकवतेस ना? मग सांग, एवढ्या मोठ्या खेळाडूंना अभ्यासापायी कोण बाहेर बसवतंय? पास करून टाकत असतील की सरळ!" आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात हे सगळ्यांना माहितीय, मग जिथे शनिवारी एका कॉलेजच्या मॅचला लाखभर माणूस स्टेडियममध्ये येऊन बसतं तिथे तर विचारायलाच नको, असं वाटणं साहजिक आहे. मी दरवेळी घाईत काहीतरी सांगते आणि ते अर्धवटच राहतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

हा फुटबॉल शाहू स्टेडियमवरचा नव्हे, हेल्मेट घालून खेळतात तो. मी टेक्सासमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात कॉलेज अल्जेब्रा आणि स्टॅटिस्टिक्स शिकवते. दोन वर्षांचं कॉलेज, पोरं त्याला ज्युको म्हणतात. माझ्या वर्गात दोन प्रकारचे खेळाडू येतात. एक, ज्यांचे हायस्कूलचे मार्क कमी पडले म्हणून मोठ्या युनिव्हर्सिटीला लगेच जाता आलं नाही. दुसरे, जे मोठ्या ठिकाणी होते, तिथे काहीतरी बिनसलं आणि खाली आले, परत वर जायचंय. या दुसऱ्या वाटेला इथे फोर-टू-फोर म्हणतात, म्हणजे चार वर्षांच्या कॉलेजातून दोन वर्षांच्या आणि परत चार वर्षांच्या, आणि तिच्यावरून चालत गेलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे कॅम न्यूटन. फ्लोरिडा सोडून तो टेक्सासमधल्याच ब्लिन कॉलेजला आला, मग ऑबर्नला गेला आणि २०१० ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेला. दर ऑगस्टला वर्गात बसलेल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात तोच असतो.

आता "पास करून टाकतात का" याबद्दल. हो, झालंय तसं, आणि वाईट पद्धतीने झालंय. डेक्स्टर मॅनली ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत खेळला, मग व्यावसायिक फुटबॉलमध्ये मोठा स्टार झाला आणि १९८९ साली अमेरिकेच्या सेनेटच्या समितीपुढे रडत सांगितलं की कॉलेज करून बाहेर पडलो तेव्हा मला वाचता येत नव्हतं. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं कागदावरचे क्लास चालले, वर्ग नाही, शिक्षक नाही, एक पेपर लिहून द्यायचा की चांगली ग्रेड. तीन हजारांवर विद्यार्थी त्यातून गेले आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१७ मध्ये एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची मुख्य संघटना, म्हणाली की हे क्लास सगळ्याच विद्यार्थ्यांना उघडे होते, त्यामुळे आमच्या नियमात शिक्षा बसत नाही. मला याचा अजूनही राग येतो. ज्या पोराला शिकवलंच नाही त्याचं नुकसान कोणी मोजलं?

पण आज माझ्यासमोर जी पोरं येतात त्यांचा त्रास हा नाही. त्यांचा त्रास असा की ते पास झालेत, खरंच पास झालेत, माझ्या वर्गात घाम गाळून सी काढलाय, आणि तरीसुद्धा पुढच्या कॉलेजात त्यांना सांगतात की तू एलिजिबल नाहीस, म्हणजे खेळायला पात्र नाहीस.

हे कसं होतं ते बघा. एनसीएएचा नियम आहे की तिसरं वर्ष सुरू होताना तुमच्या डिग्रीचा ४० टक्के भाग झालेला पाहिजे, चौथ्या वर्षाआधी ६०, पाचव्याआधी ८०. ही चौकट २००३ साली आली, त्याआधी २५-५०-७५ होतं. आकडे अधूनमधून बदलतात, पण मोजायची पद्धत तीच, आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. क्रेडिट म्हणजे एखादा विषय पास केला की मिळणारं एकक. किती क्रेडिट मिळवले हे मोजत नाहीत, या कॉलेजच्या या डिग्रीत किती बसले हे मोजतात. साधारण डिग्री १२० क्रेडिटची, म्हणजे तिसऱ्या वर्षाआधी ४८ बसले पाहिजेत.

समजा एक पोरगा आमच्याकडून साठ क्रेडिट घेऊन निघाला. त्यातला एक विषय टेक्सास गव्हर्नमेंट, तीन क्रेडिट. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत तो कायद्याने सक्तीचा आहे, प्रत्येकाला करावाच लागतो, पण पोरगा ओहायोला किंवा अलाबामाला गेला तर त्यांना टेक्सासच्या राज्यघटनेशी काय देणंघेणं, ते तो नुसता इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून घेतात आणि त्या डिग्रीत इलेक्टिव्हला जागा नसेल तर संपलं. एका विषयात डी होता. आमच्याकडे डी म्हणजे पास, पण बऱ्याच युनिव्हर्सिट्या बाहेरून आलेल्या विषयाला सीच्या खाली हातच लावत नाहीत, गेले तीन. पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल, म्हणजे पाया पक्का करायचं गणित केलं ते डिग्रीत धरतच नाहीत, गेले अजून तीन. एका क्रेडिटचा "कॉलेजात कसं शिकावं" असला कोर्स, तो पण गेला. राहिलेल्यात दोन विषय असे की नव्या कॉलेजात त्याच नावाचा विषय तिसऱ्या वर्षाचा आहे, मग दुसऱ्या वर्षाला केलेला चालत नाही. साठाचे झाले चव्वेचाळीस. लागतात अठ्ठेचाळीस. चार क्रेडिटसाठी पोरगा बाहेर.

हे फक्त खेळाडूंचं नाही बरं का. अमेरिकन संसदेसाठी हिशेब तपासणारी जी सरकारी संस्था आहे, जीएओ, तिने २०१७ मध्ये अहवाल दिला होता की २००४ ते २००९ मध्ये कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे अंदाजे ४३ टक्के क्रेडिट वाया गेले. साध्या विद्यार्थ्याला याचा अर्थ एक-दोन सेमिस्टर जास्त आणि त्याची फी. खेळाडूचं घड्याळ मात्र थांबत नाही. एकदा कॉलेज सुरू झालं की पाच वर्षांत चार सीझन हा जुना हिशेब, त्यामुळे त्याचं एक सेमिस्टर म्हणजे एक अख्खा सीझन. आणि आता त्यात पैसापण आलाय, जुलै २०२५ पासून कॉलेज स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. म्हणजे चार क्रेडिट कमी पडले की त्या पोराच्या घरी किती काय अडतं ते तुम्हीच बघा.

मग यावर उपाय काय काढतात? डिग्री बदलतात! ज्याला किनिजिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, करून फिजिओथेरपीला जायचं होतं त्याला ॲडव्हायजर सांगतो की जनरल स्टडीज, म्हणजे थोडं थोडं सगळं असलेली डिग्री, घे, त्यात तुझे सगळे इलेक्टिव्ह बसतात, बावन्न होतात, तू शनिवारी खेळतोस. तो घेतो. कोण नाही घेणार एकोणिसाव्या वर्षी? मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. बाहेरून बघणारा म्हणतो, बघा, फुटबॉलवाले सगळे एकाच सोप्या मेजरमध्ये, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयात, गर्दी करतात, यांना शिकायचंच नसतं. अहो, त्या मेजरला तो आवडीने गेलेला नाही, त्याचे क्रेडिट जिथे मावले तिथे तो गेलाय. वर सायन्सच्या लॅब दुपारी असतात आणि प्रॅक्टिसपण दुपारीच. नियमाने आठवड्याला वीस तास प्रॅक्टिस, प्रत्यक्षात व्हिडिओ बघणं, मलमपट्टी, प्रवास धरून त्याहून कितीतरी जास्त. माझ्याकडे एक मुलगा होता, अल्जेब्रात वर्गात पहिला, इंजिनिअरिंगचं बोलायचा. वर गेल्यावर त्याचा फोन आला, "प्रोफेसर, मला इंजिनिअरिंगमध्ये ठेवलं तर मी पुढच्या वर्षी खेळू शकत नाही." त्याला मी काय सांगायचं होतं? स्कॉलरशिप फुटबॉलची होती, अल्जेब्राची नव्हती.

वेळापत्रकाचं वेगळंच. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे कॉलेज सोडायचं असेल तर त्यात नाव टाकायचं आणि मग बाकीचे कोच तुमच्याशी बोलू शकतात. २०२४ च्या हिवाळ्यात फुटबॉलची विंडो, म्हणजे नाव टाकायची मुदत, होती ९ ते २८ डिसेंबर. सेमिस्टरच्या फायनल परीक्षा कधी असतात? त्याच आठवड्यांत. एकीकडे पेपर, दुसरीकडे रात्री अकराला कोचचे फोन, वीकेंडला विमानाने जाऊन कॉलेज बघणं. आणि नियम असाही आहे की त्या सेमिस्टरला किमान सहा क्रेडिट पास पाहिजेत, फुटबॉलवाल्यांना तर फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरला, नऊ, नाहीतर पुढच्या सीझनचे पहिले चार सामने बाहेर बसू शकता. पोरगा नव्या गावाला निघालाय, डोक्यात काहीही राहत नाही, दोन पेपर देतच नाही, आणि जानेवारीत तिकडचा ॲडव्हायजर ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, उघडून डोक्याला हात लावतो. २०२६ पासून विंडो एकच केली, जानेवारीत २ ते १६. परीक्षांशी टक्कर टळली हे चांगलं झालं, पण आता स्प्रिंग सेमिस्टर सुरू व्हायची वेळ आणि विंडो एकत्र आलेत, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट तपासायला आठवडाभरसुद्धा मिळत नाही.

काही लोक म्हणतात, मग पोरांना एवढं फिरू देऊच नका. मला ते अजिबात पटत नाही. कोच सीझन अर्धवट टाकून दुप्पट पगारावर दुसरीकडे जातो, त्याला कोणी एक वर्ष बाहेर बसवत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या फेडरल कोर्टाने एकापेक्षा जास्त वेळा कॉलेज बदलणाऱ्यांना बसवून ठेवायचा नियम थांबवला आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने स्वतःच तो काढला, आता अभ्यासाच्या अटी पुऱ्या असतील तर कितीही वेळा जा आणि लगेच खेळा. मला आनंदच झाला होता. डिएगो पाविया, व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीचा तेव्हाचा क्वार्टरबॅक (संघाचा चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू), तोही ज्युकोतून आलेला, त्याने कोर्टात जाऊन सांगितलं की ज्युकोची वर्षं माझ्या सीझनमध्ये धरू नका आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याला अजून एक वर्ष खेळायची परवानगी मिळाली. माझ्या वर्गात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. पण बघा, हे सगळं मिळालं ते खेळायच्या वर्षांबद्दल. "अभ्यासाच्या अटी पुऱ्या असतील तर" हे वाक्य तसंच राहिलं आणि आता सगळा भार त्याच्यावर आलाय, कारण बाकीचे अडथळे निघाले, हा एकच उरला. चार वर्षांत तीन कॉलेजं केलेला पोरगा दरवेळी नव्या डिग्रीत पहिल्यापासून मोजला जातो, शिवाय बहुतेक युनिव्हर्सिट्यांचा स्वतःचा नियम असतो की डिग्री आमची पाहिजे तर किमान तीसेक क्रेडिट आमच्याच इथे करा. काही ठिकाणी याहून कडक. २०२३ मध्ये बास्केटबॉलचा केलेब लव्ह नॉर्थ कॅरोलायनाहून मिशिगनला जाणार असं जाहीरसुद्धा झालं होतं, ॲडमिशनमध्ये क्रेडिटवरून अडलं आणि शेवटी तो ॲरिझोनाला गेला. एवढ्या नावाजलेल्या खेळाडूचं असं होतं, मग ज्युकोतल्या लाइनमनला, पुढच्या फळीत धक्के खाणाऱ्या पोराला, कोण विचारतो?

क्वार्टरबॅक जो बरोचं उदाहरण मी मुलांना म्हणून मुद्दाम देते. ओहायो स्टेटला खेळायला मिळत नव्हतं, पण त्याने तीन वर्षांत डिग्री पुरी केली आणि मग एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला, गेला, पुढे २०१९ ची हाइझमन. डिग्री हातात असली की हे टक्के-बिक्के तुम्हाला लागतच नाहीत, तुम्ही ग्रॅज्युएट विद्यार्थी म्हणून जाता. मुलं म्हणतात, मिस, त्याच्या घरी बाबा कोच होते. खरंय ते. त्याला घरात सांगणारं माणूस होतं. माझ्या वर्गातल्या बहुतेकांच्या घरात कॉलेजला गेलेलं तेच पहिलं.

आपल्याकडेही आता एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी आलाय, क्रेडिट बँकेत जमा होतात, मधेच कॉलेज बदला, मधेच थांबा. मामेभावाच्या मुलीने काढलाय. तिला मी एकच सांगितलं की जमा झालेलं क्रेडिट आणि नव्या कॉलेजने तुझ्या डिग्रीत धरलेलं क्रेडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जायच्या आधी विचारून घे.

माझ्या मुलांनाही तेच सांगते, फक्त जास्त आग्रहाने. कोच फोनवर म्हणेल "ग्रेड्सचं आम्ही बघून घेऊ", त्यावर सही करायची नाही. कोचकडून नाही, रजिस्ट्रारच्या ऑफिसकडून लेखी मागायचं की माझ्या ट्रान्सक्रिप्टमधले कोणते विषय कोणत्या डिग्रीत बसतात आणि टक्के किती होतात. जुन्या कॉलेजचे प्रत्येक विषयाचे सिलॅबस पीडीएफ करून ठेवायचे, कारण "हा विषय आमच्यासारखा नाही" म्हटलं की अपील करायला तेच लागतात. उन्हाळ्यात कोणता कोर्स करावा लागेल, त्याची फी कोण भरणार, हे सहीच्या आधी. माझ्या मते हे पोरांवर सोडायलाच नको, सही घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजवर हा कागद आधी द्यायची सक्ती पाहिजे, खेळायचे पैसे लिहून देता येतात तर क्रेडिटपण लिहून देता येतात. ती सक्ती होईपर्यंत माझ्या ऑफिस अवर्समध्ये आम्ही सिलॅबस स्कॅन करत बसतो, पोरं कंटाळतात, मी उठू देत नाही. इंजिनिअरिंगवाल्या त्या मुलाचा जनरल स्टडीजमध्ये दुसरा सीझन चालू आहे, चांगला खेळतोय, आणि दर सेमिस्टरला भांडून एक तरी गणिताचा कोर्स घेतोय.