नीट फाटलेला आवाज

"किती वॅटचा पाहिजे, मॅडम?" गिटारचा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं आणि मी भाजी घेतल्यासारखं म्हटलं, "चाळीसचा द्या." चाळीसच का, ते मला आजही सांगता येणार नाही. वीस म्हणायला कसंसंच वाटलं आणि शंभर म्हटलं असतं तर त्याने "कार्यक्रम कुठे असतात?" असं विचारलं असतं. माझे कार्यक्रम मागच्या खोलीत, कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधे असतात. श्रोता एक. तो नवरा असल्यामुळे तिकीट नाही आणि सुटकाही नाही.

चार वर्षं झाली त्या अँपला. त्याच्या आवाजाच्या बटणावर दहापर्यंत आकडे आहेत. माझं अख्खं वादन शून्य आणि एक यांच्या मधल्या नखभर जागेत चालतं. बटण केसभर सरकलं की खिडकीच्या काचा थरथरतात आणि स्वयंपाकघरातून "अगं!" येतं.

नंतर कधीतरी हिशोब करायला बसले, तेव्हा आपण काय घेऊन आलोय ते कळलं. गिटारच्या बऱ्यापैकी स्पीकरला नुसता एक वॅट दिला, तर मीटरभर अंतरावर 97 ते 100 डेसिबल आवाज होतो. आपल्याकडे निवासी भागासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. ती मोजतात कुठे, भिंती मधे किती, हे सगळं मान्य, पण उरलेले एकोणचाळीस वॅट मी नक्की कशासाठी विकत घेतले? त्यात वॅटची दुसरी गंमत अशी की ते दुप्पट केले तरी आवाज 3 डेसिबलनेच वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर वॅट दसपट लागतात. म्हणजे माझा चाळीसचा अँप चारच्या अँपपेक्षा दुप्पट मोठा, बस्स. उलट 97 डेसिबलचा स्पीकर काढून 100चा बसवला, तर वॅट दुप्पट केल्याचं काम तेवढ्यात होतं. तेव्हा वॅट विचारायच्या आधी स्पीकर कोणता ते विचारावं. दुकानात मात्र वॅटच विचारतात, कारण तो आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

स्पीकरचं महत्त्व मला एका उद्योगामुळे पटलं. घरात सिनेमे बघायला घेतलेले चांगले स्पीकर होते. गाण्यातला बारीकसारीक मंजिराही ऐकू येईल असे. गिटारची डिस्टॉर्शनची, म्हणजे आवाज मुद्दाम बिघडवायची, पेटी थेट त्यांनाच जोडली, म्हटलं अँप कशाला हवा? पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडून डबा हलवावा तसा आवाज आला. दोष स्पीकरचा नव्हता, तो फारच प्रामाणिक होता. गिटारचा स्पीकर तसा नसतो. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं त्याला धड वाजवताच येत नाही. किरकिर, चरचर, खरखर सगळी त्याच्या कागदी पडद्यातच जिरते आणि बाहेर येतं ते भरदार, थोडं घोगरं काहीतरी. गाणी ऐकायला तो अगदीच सुमार, पण गिटारला तोच लागतो.

आपल्याकडे डिस्टॉर्शनला फार नेमका शब्द आहे: आवाज फाटला. सत्यनारायणाच्या दिवशी मंडळाचा माणूस अँप्लिफायरची सगळी बटणं उजवीकडे पिरगाळून जेवायला जायचा आणि भोंगा फाटायचा. हळदीला बेंजो यायचा, म्हणजे खरं तर पट्ट्यांचं बुलबुलतरंग, त्यालाही असाच भोंगा. तो फाटल्याशिवाय कोणी नाचायला उठत नसे. मोठी माणसं म्हणायची, "कमी करा रे, फाटतोय." हे जे फाटणं आहे, तेच विकणारा एक अख्खा धंदा जगात आहे आणि मी त्याची इमानी गिऱ्हाईक आहे.

त्या धंद्याची सुरुवातही बिघाडातूनच झाली. अमेरिकेत नॅशव्हिलला गायक मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' ध्वनिमुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिन बेस गिटार वाजवत होता आणि मिक्सिंगच्या टेबलातला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला. मधला तुकडा भुंग्यासारखा घुमला. तो तसाच ठेवला आणि 1961 साली गाणं गाजलं. मग लोक तोच आवाज मागायला लागले. तिथल्या तंत्रज्ञाने, ग्लेन स्नॉडीने, बिघाडाची नक्कल करणारं सर्किट बांधलं आणि 1962 साली ते मेस्ट्रो फझ-टोन नावाने पायाने दाबायच्या पेटीत बाजारात आलं. इंग्लंडात 1964 साली किंक्स या बँडच्या गिटारवाल्या डेव्ह डेव्हिसने तेवढीही वाट पाहिली नाही. त्याने आपल्या छोट्या अँपच्या स्पीकरचा कागद सरळ ब्लेडने कापला. फाटका आवाज हवा तर स्पीकर फाडा! शब्दाला एवढा जागलेला माणूस विरळाच.

अँप जोरात लावला की फाटतो, तो का, हे समजायला सोपं आहे. तारेची लाट अँपमधून मोठी होत जाते. अँपची ताकद संपली की लाटेचे शेंडे कापले जातात, गोल डोंगराचं पठार होतं. या कापाकापीत मूळ स्वराच्या वर नवे स्वर उगवतात. दोन्ही बाजूंचे शेंडे सारखेच कापले गेले तर पहिल्यांदा येतो वरचा पंचम आणि त्याच्यामागून गंधार. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले. हे तर तळमजल्यावरच्या आजोबांचं खातं!

आमच्या तळमजल्यावर एक आजोबा आहेत. पहाटे तंबोरा घेऊन बसतात. तो मिरजेहून आणलेला आहे आणि घरातल्या कोणालाही त्याला हात लावायची परवानगी नाही. जिन्यावरून जाताना त्यांचं जवारी लावणं कितीदा पाहिलंय. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा. तार छेडायची, दोरा नखाने तसूभर पुढे सरकवायचा, परत छेडायची. तार घोडीच्या किंचित उतरत्या पाठीला घासते, झण्ण होते, आणि मूळ स्वरावर दुसऱ्या स्वरांची पिसं फुटतात. दोरा जरा चुकला तर आवाज मुका होतो किंवा नुसता चरकतो. म्हणजे तिकडेही एक स्वच्छ स्वर घेऊन तो मुद्दाम, मोजून बिघडवायचाच कार्यक्रम. फक्त तिकडे दोरा सरकवतात, इकडे बटण.

आता पेट्यांकडे येते. त्यांना सगळे पेडलच म्हणतात, पण माझा नवरा 'डबे' म्हणतो, आणि जमिनीवर मांडल्या की दिसतातही मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांसारख्या. एक घेतली की दुसरी लागते. फाटण्याची एक, त्याहून कमी फाटण्याची एक, प्रतिध्वनीची एक, घुमाऱ्याची एक. प्रसिद्ध हिरव्या पेडलबद्दल, ट्यूब स्क्रीमरबद्दल, एवढं ऐकलं होतं की जुन्यात असलेली 4558 नंबरची चिप म्हणजे काहीतरी दैवी वस्तू असावी असं वाटायचं. मग एकदा पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिक्सरचं बटण शोधत असताना एका दुकानात बास-ट्रेबलच्या स्वस्त बोर्डावर तीच बसलेली दिसली. आठ पायांचा काळा किडा, पाठीवर 4558. "ही सुटी मिळेल?" म्हटलं. दुकानदाराने वर न बघता डब्यातून चिमूटभर काढल्या. "किती देऊ?" चहाच्या किमतीत दैवत! पेडल मात्र त्यामुळे स्वस्त होत नाही, कारण त्या चिपभोवती काय आणि कसं मांडलंय त्याचे पैसे असतात. पोह्यांचंही तेच आहे.

पेट्या एकामागोमाग कशा लावायच्या यावर लोक हिरिरीने भांडतात. माझा अनुभव एवढाच की फाटण्याची आधी, घुमाऱ्याची नंतर. उलट लावली तर घुमारासुद्धा फाटतो आणि मंगल कार्यालयाच्या मुतारीत कोणी गातंय असं वाटतं. वीज नऊ व्होल्टची, पण अ‍ॅडॉप्टरच्या टोकाला बहुतेक पेट्यांना मधोमध ऋण, म्हणजे मायनस, लागतं. घरात सापडेल तो अ‍ॅडॉप्टर खुपसायचा नाही. मी खुपसला होता. वास आला.

आणि घरघर! पहिले सहा महिने गिटार हातात नसताना अँप गुणगुणायचा आणि तारांवर बोट ठेवलं की गप्प. मला वाटलं, लाडात येतो. वायरमनने मागच्या खोलीचा प्लग उघडला तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. "अर्थिंग नाहीये ताई. हे वाजवता?" त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक गाण्याबद्दल नव्हतं. पेट्या निवडताना मी आठवडा घालवला, पण प्लग उघडून बघावा हे सुचलं नाही.

परवा रात्री साडेनवाला बेल वाजली. दारात आजोबा. मी माफी मागायच्या तयारीतच होते. ते म्हणाले, "वाजव की." मी सा-पा-सा असा जाड फाटका सूर लावला. फाटलेल्या आवाजात गंधार घातला की गिचका होतो, म्हणून गिटारवाले सा-पवरच भागवतात. आजोबांनी डोळे मिटले, मान वाकडी केली आणि म्हणाले, "जवारी फार उघडी ठेवलीस. बंद कर जरा."

मी फाटण्याचं बटण सातावरून चारवर आणलं.

"आणखी."

तीन. त्यांनी हात वर केला, म्हणजे थांब. मग खोलीत बसायला जागा शोधली. इस्त्रीच्या टेबलाशेजारची बादली उलटी करून त्यावर बसले. "पांढरी दोन आहे का त्यात?"

चौथी तार मोकळी छेडली. हार्मोनियमवरची पांढरी दोनच असते ती. ते थोडा वेळ ऐकत राहिले, मग पायाने दुसऱ्या पेटीकडे खूण केली. "आणि तो निळा डबा?"

"घुमाऱ्याचा. मोठ्या सभागृहात वाजवतोय असं वाटतं."

"त्यात गळा घालता येतो?"

दहाला अजून पंधरा मिनिटं होती. मी माईक शोधायला कपाट उघडलं.