खोगिराचं वजन

रविवारी संध्याकाळी जेवणाचं टेबल रिकामं झालं की आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि राक्षस, जादू, खजिन्यांची गोष्ट कल्पनेतच, पण जाड पुस्तकातल्या नियमांनी खेळायची. खेळ चालवणाऱ्याला आम्ही 'मास्तर' म्हणतो, कारण तो आमच्या चुकांना चुका म्हणतो आणि स्वतःच्या चुकांना नियम.

परवा एक दरी ओलांडायची होती आणि वाहन एकच, ग्रिफिन. पुढून गरुड, मागून सिंह. बसणार दोघं, माझा बुटका योद्धा आणि एक धर्मगुरू. मास्तर म्हणाला, "वजन काढा."

राक्षस मारताना सगळे उभे राहतात. वजन काढायचं म्हटलं की सगळ्यांना चहा आठवतो. शेवटी मीच किराण्याचं बिल उलटं करून बेरीज मांडली. खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत उचलता येणारं ओझं काढायला ताकदीच्या आकड्याला १५ ने गुणलं की पौंड मिळतात. जनावर मोठ्या आकाराचं असेल तर दुप्पट. ग्रिफिनची ताकद १८, म्हणजे ५४० पौंड, साधारण २४५ किलो. बुटका १५०, त्याचं पोलादी चिलखत ६५. धर्मगुरू १६५, त्याचं साखळ्यांचं चिलखत ५५. दोन ढाली १२, कुऱ्हाड आणि गदा मिळून ८. शिवाय तांब्याच्या ४००० नाण्यांची गोणी. ५० नाण्यांचा एक पौंड, म्हणजे ८०. एकूण ५३५. पाच पौंड शिल्लक! टाळ्या पडल्या.

तेवढ्यात एरवी गप्प बसणारा मित्र म्हणाला, "आणि खोगीर?"

पुस्तक उघडलं. असल्या अचाट जनावरांच्या खोगिराचं वजन ४० पौंड. खोगीरभरती म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, त्यानेच आम्हाला जमिनीवर ठेवलं.

गोणी टाकायची की नाही, यावर वाद पेटला आणि माझं मन भलतीकडेच गेलं. त्याच पुस्तकात लढाईच्या घोड्याची क्षमताही बरोबर ५४० पौंड आहे. म्हणजे चार पायांवर उभं राहून पेलायचं ओझं आणि पंख मारत हवेत उचलायचं ओझं एकच! हे काही मला पटेना. खरा सोनेरी गरुड चार-सहा किलोंचा. स्वतःच्या वजनाइतकं ओझं घेऊन सपाट जमिनीवरून उठणं त्याला जड जातं. पक्षी लांबीरुंदीने दुप्पट करा, पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. सिंहाचं धड लावलेल्याची काय कथा. आणि गिधाड? भरपेट खाऊन बसलेलं असताना कुणी हुसकावलं, तर बिचारं आधी ओकतं आणि मग उडतं.

गंमत म्हणजे याच खेळातल्या उडत्या गालिच्याला ओझं कळतं. तीन बाय पाच फुटांचा सगळ्यात छोटा गालिचा २०० पौंड नेतो, पण एका फेरीत ८० फूट जातो; सहा बाय नऊचा मोठा ८०० पौंड नेतो, पण जेमतेम ३० फूट. दुप्पट वजन लादलं तरी कुरकुरत अर्ध्या वेगाने जातो. विणलेल्या सुताला जी अक्कल दिली, ती पिसांना का नाही?

मला महाभारताच्या आदिपर्वातला गरुड आठवला. एका पंजात हत्ती, दुसऱ्यात कासव धरलेलं, खायला निवांत बसावं म्हणून झाडाची फांदी पाहिली, तर तीच मोडली. तिला वालखिल्य, म्हणजे अंगठ्याएवढे ऋषी, उलटे लटकलेले. ते पडू नयेत म्हणून फांदीही चोचीत. एवढं सगळं घेऊन तो उडतो मजेत. अडतं ते टेकायला जागा मिळत नाही म्हणून. आमच्या जाड पुस्तकात या पेचावर एक ओळ नाही.

"अरे, तू ऐकतोयस का?" मास्तर ओरडला. ठरलं होतं, गोणी जाणार. तांब्याची १०० नाणी म्हणजे सोन्याचं एक, म्हणजे ८० पौंडांची ती गोणी अवघ्या ४० मोहरांची. तरी बुटक्याने ती शेवटपर्यंत मांडीवर धरून ठेवली होती, माझाच स्वभाव. आता राहिले ४९५. मास्तरने जास्त ओझ्याचा ऐच्छिक नियम लावून ग्रिफिनचा वेग ८० वरून ६० फुटांवर आणला, आणि आम्ही उडालो.

पण गोणी मी काठावर ठेवली नव्हती, सरळ दरीत लोटली होती. दरीत एक गाव आहे, हे मास्तरने नंतर सांगितलं. चार हजार नाणी कुणाच्या कौलांवर पडली, ते पुढच्या रविवारी कळेल.