तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे घासाघीस चालते का?

"मावशी, पुढच्या महिन्यात इटलीला येतोय. तुमच्या आरेत्सोचा तो जुन्या वस्तूंचा बाजारही बघायचाय. तिथे घासाघीस चालते का हो?"

नऊ वर्षांत हा प्रश्न मला भाचरांनी विचारलाय, नवऱ्याच्या मित्रांनी विचारलाय आणि ज्यांचं नावही मला धड माहीत नाही अशा ओळखीच्यांच्या ओळखीच्यांनीही विचारलाय. इथल्या सान फ्रांचेस्कोच्या चर्चमधली पिएरो देल्ला फ्रांचेस्का या जुन्या चित्रकाराची भित्तिचित्रं बघायला किती वेळ ठेवू, असं अजून एकानेही विचारलेलं नाही. "चालते" म्हटलं की पुढचा प्रश्न "किती टक्के?" आणि "नाही" म्हटलं की, "पण तुम्ही तर त्या चादरी अर्ध्या किमतीत आणल्या होत्यात ना?"

आणल्या होत्या. चूक माझीच. त्या दिवशी घरच्या ग्रुपवर फोटो टाकून खाली मीच लिहिलं होतं, "१८० च्या ९० केल्या! तुळशीबाग झिंदाबाद!" ते अजून पुसलं गेलेलं नाही.

आधी सोपं उत्तर देऊन टाकते. खाण्याच्या दुकानात भाव करू नका. पेकोरीनो चीज, बडीशेप घातलेली फिनोक्योना सलामी, हे सगळं 'एत्तो'वर मिळतं. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. पाटीवरचा भाव कधी एत्तोचा असतो, कधी किलोचा. एत्तोचा भाव किलोचा समजून "वा, स्वस्त आहे" म्हणू नका, माझ्या चुलतदिरांनी म्हटलं होतं. झोल्फीनो नावाची इथली पिवळसर, पातळ सालीची घेवड्यासारखी कडधान्यं असतात. त्यांचा भाव ऐकून सगळेच "घेवड्याला एवढे?" म्हणतात. म्हणा, पण मराठीत म्हणा. भाजीवाल्याकडे मात्र एक गंमत आहे. खरेदी झाल्यावर 'ओदोरी' मागितल्या तर तो सेलरीची काडी, थोडी पार्सली, कधी तुळशीसारखी बाझिलिकोची पानं वर घालतो. आपल्याकडे कोथिंबीर-मिरची घालतात तशी, फुकट. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी घरी येईपर्यंत हसत होते. काझेंतीनोच्या खोऱ्यातलं गुठळ्या-गुठळ्यांचं नारिंगी लोकरी कापड घ्यायचं असेल तर पाटीवरचा आकडा द्या आणि गप्प बसा.

आता जुना बाजार. इव्हान ब्रुस्की नावाच्या इथल्याच एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तो १९६८ मध्ये सुरू केला. दर महिन्याचा पहिला रविवार आणि त्याच्या आदला शनिवार. पियात्सा ग्रांदेचा चौक उतरता आहे, त्यामुळे टेबलांच्या पायांखाली लाकडाचे तुकडे सारलेले दिसतील. वासारी या जुन्या वास्तुकाराच्या कमानींखाली महागडी मंडळी बसतात. इथे भाव होतो. हसून, आधी वस्तूबद्दल दोन शब्द बोलून, मग "थोडा स्कोंतो, म्हणजे सूट, मिळेल का?" एवढंच. दहा-पंधरा टक्के सहज सुटतात. अर्ध्यावर कोणी येत नाही.

मग मी त्या चादरी कशा आणल्या, हे विचारणारच तुम्ही.

आमचं इथलं दुसरं वर्ष. नोव्हेंबर, वारा असा की बोटं दुखत होती. चौकाच्या खालच्या अंगाला एका तरुण विक्रेत्याचं कापडचोपडांचं टेबल होतं. शेजारी घडीच्या खुर्चीत एक म्हातारी बसलेली. त्याची आई असेल, असं मी धरून चालले. चार चादरी होत्या, हातमागाच्या, लिननच्या. इथले जुने घरगुती माग अरुंद असत, म्हणून दोन पट्टे मधोमध हाताने जोडून चादर करत. ती मधली शिवण बोटाला लागते. कोपऱ्यात पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेली दोन अक्षरं. लग्नात मुलगी सोबत नेते त्या 'कोर्रेदो'तली, एवढं मला कळत होतं.

तो म्हणाला १८०. मी म्हणाले ८०. तो हसला, मी हसले नाही. डाग दाखवला, शिवण एका जागी उसवलीय ती दाखवली. १५०, १३०. मग आईने नवव्या वर्षी शिकवलेला हुकमी डाव टाकला: वस्तू खाली ठेवायची आणि चालू लागायचं. सहा पावलांवर हाक आली. वळून बघितलं तर तो माझ्याकडे नाही, म्हातारीकडे बघत होता. तिने मान हलवली. ९०.

तो पिशवीत कोंबायला लागला तशी ती उठली आणि चादरी त्याच्या हातातून काढून घेतल्या. एक उलगडून दोन टोकं माझ्या हातात दिली. आम्ही ताणली, झटकली, अर्धी केली. ती माझ्याकडे चालत आली, टोकं जुळवली, खालची घडी उचलून पुन्हा मागे गेली. वाळलेलं नऊवारी लुगडं आजी आणि मी असंच घडी करायचो. चार चादरी, चार वेळा. शेवटच्या घडीला तिने अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मिया माम्मा." माझी आई. यातल्या दोन कधी अंथरल्याच नाहीत, म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. तो पोरगा तिचा कोणी नव्हता, नुसता विकून देत होता.

मी पाकिटातून आणखी वीसची नोट काढली. तिने माझी मूठ मिटवून ती परत केली. झालं ते झालं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली.

आतापर्यंत मी ही गोष्ट इथेच थांबवत आले. पुढचं सांगत नाही, ते असं: तिने नोट परत केली तेव्हा मला हायसं वाटलं. वीस युरो वाचले म्हणून. आणि फोटो मी त्यानंतर टाकला, तासाभराने, घरी येऊन. सगळं माहीत असताना.

यावर माझ्याकडे उत्तरं आहेत. एकाच पगारावर घर चालत होतं. मान तिने स्वतः हलवली, मी काही तिचा हात पिरगळला नव्हता. १८० हा आकडा त्या पोराने उतरायला जागा ठेवूनच सांगितला असणार. आणि जो विकायला बसतो त्याने भाव ऐकायला नको का? ही उत्तरं मला पटतात. रात्री जरा कमी पटतात.

दुसरी बाजूही सांगते. पुण्यातलं घर रिकामं केलं तेव्हा आजीचं घंगाळ, तिचं नाव कोरलेली दोन पातेली आणि एक कळशी मी मोडीत घातली. वजनावर. मोडवाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही, "काय होतील ते द्या" म्हटलं, कारण टेम्पो खाली उभा होता. ती भांडी वितळली, की कुठल्या हॉटेलात कुंड्या होऊन बसलीत, देव जाणे. म्हणजे म्हातारीने आईच्या चादरीसाठी निदान नोव्हेंबरच्या वाऱ्यात दिवसभर बसायची तयारी ठेवली. मी दहा मिनिटं दिली. मग तिच्याबद्दल वाईट वाटून घेण्याचा मला अधिकार कुठून आला? की म्हणूनच वाटतं?

भाव करणं मी सोडलेलं नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही मला साध्वी समजाल. मागच्याच महिन्यात ३५ चं कॉफी दळायचं जुनं यंत्र २८ ला आणलं. फक्त चालू लागण्याचा डाव टाकत नाही. पाय उचलत नाहीत.

चादरी वापरता का, असंही विचारता. एकदा अंथरली होती, मधली शिवण पाठीला टोचते. वर्षातून एकदा बाहेर काढून धुते, वाळवते. त्यांची घडी एकटीला होत नाही. नवऱ्याला हाक मारावी लागते, आणि तो दर वर्षी टोकं उलटी धरतो.