भाऊबीजेचे ओवाळणे निरांजनाच्या उजेडात टिपताना

यंदाच्या दिवाळीत घरातला प्रत्येक प्रसंग टिपण्याचा हव्यास सोडून मी फक्त भाऊबीजेच्या ओवाळण्यावर लक्ष दिले. गणपतीतल्या आरतीपासून एक प्रश्न सुटायचा राहिला होता : निरांजनाच्या ज्योतीचे कलर टेंपरेचर (उजेडाच्या रंगाचे माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळसर) साधारण 1900 केल्विन, तर पांढऱ्या ट्यूबलाइटचे 6500 केल्विनच्या आसपास असते, आणि हे दोन्ही उजेड एकाच चेहऱ्यावर पडले की व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा हे कॅमेऱ्याला सांगणारी मांडणी) कसाही ठेवला तरी एक गाल पिवळा नाही तर दुसरा निळसर दिसतोच. उपाय सोपा असला तरी तो घरच्यांच्या गळी उतरवणे अवघड होते, कारण सणाच्या दिवशी दिवा घालवणे आजीला मुळीच पसंत नव्हते. अखेर ट्यूबलाइट बंद करून एक पिवळा बल्ब भिंतीकडे तोंड करून लावायचा, अशी तडजोड झाली. व्हाइट बॅलन्स 2800 केल्विनवर ठेवल्याने ज्योतीचा सोनेरीपणाही टिकला.

एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्रासाठी किती उजेड घ्यायचा ते, मात्र मॅन्युअलच, हाताने ठरवून ठेवावे लागते. ज्योत चेहऱ्यापासून 60 सेंटिमीटरवरून 30 सेंटिमीटरवर आली की तिचा चेहऱ्यावरचा उजेड चौपट, म्हणजे दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढतो. तबक फिरत असताना ऑटो मोड या चढउताराच्या मागे धावतो आणि सलग काढलेली दोन छायाचित्रेही एकसारखी येत नाहीत. 50 मिमी लेन्स, एफ/2 (लेन्सचे तोंड बरेच उघडे), आयएसओ 6400 (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आणि 1/50 सेकंद (शटर उघडे राहण्याचा वेळ) ही मांडणी मला मानवली. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे अनेक एलईडी माळा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, तेव्हा 1/50 किंवा 1/100 ठेवले की छायाचित्रात उजेड-अंधाराचे पट्टे सहसा येत नाहीत. एवढ्या वेगाला तबक किंचित पुसट होते, पण पाटावर बसलेल्या भावाचा चेहरा स्पष्ट राहतो, आणि तेच हवे.

सर्वांत मोठा फरक क्षण निवडल्याने पडला. टिळा लावताना डोळे हमखास मिटतात. अक्षता आणि सुपारी-अंगठीच्या वेळी भाऊ मान खाली घालून हसत असतो. निरांजन फिरू लागले की तबक वर्तुळाच्या तळाशी असताना उजेड खालून येतो आणि नाकाची सावली कपाळाकडे चढते. तेच तबक चेहऱ्याच्या उंचीवर आले की उजेड समोरून पडतो आणि डोळ्यांत ज्योतीचा ठिपका चमकतो. बहिणीच्या खांद्याशेजारी जमिनीवर बसून नेमके तेव्हाच बटण दाबावे. दुसऱ्या फेरीपर्यंत हाताची लय कळते आणि अंदाज चुकत नाही.

जेवणानंतरचे सामूहिक छायाचित्र ठीक आले, त्यात सांगण्यासारखे काही नाही. आता तुळशीचे लग्न अंगणात संध्याकाळी असल्याने आकाशाचा निळा उजेड आणि पणत्या यांचा मेळ घालावा लागेल. तिथे आकाश बंद करता येत नाही, म्हणून पाहुण्यांनी मुहूर्त थोडा उशिराचा धरावा एवढीच खटपट सध्या चालू आहे.