महामार्गालगतचा सायकल ट्रॅक : माझे आठ महिने एका नकाशापायी गेले

शाळेच्या मुलींसाठी हा ट्रॅक मिळवताना बाकी सगळं, म्हणजे सायकलींची मोजदाद, निवेदन, ग्रामसभेचा ठराव, कच्चा आराखडा, हे मिळून दोन महिन्यांत उरकलं. आठ महिने गेले ते रस्त्याची हद्द कुठे संपते हे दाखवणाऱ्या एका कागदासाठी. अजूनही त्या कार्यालयाच्या जिन्यावरून जाताना माझं डोकं तापतं.

आमची शाळा मराठवाड्यातल्या एका गावाबाहेर, महामार्गाला लागून आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात; शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ती योजना आहे. या सायकलींमुळे सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुली नववी-दहावीच्या बाकांवर दिसायला लागल्या, हे मी वर्गशिक्षिका म्हणून डोळ्यांनी पाहिलंय. मग रस्ता चौपदरी झाला. डंपर शेजारून गेला की नुसत्या वाऱ्याने हँडल लटपटतं आणि मुली साईडपट्टीच्या मुरमात उतरतात. पावसाळ्यात एक जण तशीच घसरली, मनगट मोडलं. तिच्या वडिलांनी सायकल माळ्यावर टाकली आणि महिनाभर ती शाळेतच आली नाही. तेव्हा मी हे काम हातात घेतलं.

पहिल्यांदा मी चूक केली ती भावनेच्या भरात अर्ज लिहिण्याची. 'विद्यार्थिनींच्या जिवाला धोका आहे' असं लिहिलेल्या कागदावर कुणी टिप्पणी लिहीत नाही. आकडा लागतो. भारतीय रस्ते काँग्रेस, म्हणजे रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था, तिचं सायकल ट्रॅकसाठीचं मार्गदर्शक आहे, क्रमांक ११. ते १९६२ पासूनचं आहे आणि २०१५ मध्ये नव्याने निघालं. जुन्या आवृत्तीतला निकष अगदी स्वच्छ आहे : तासाला २०० पेक्षा जास्त मोटारवाहनं असतील, तर गर्दीच्या तासाला १०० सायकली असल्या तरी स्वतंत्र ट्रॅक योग्य ठरतो. शाळेच्या फाटकाजवळ मी आणि दोन सहकारी वही घेऊन बसलो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, दर पंधरा मिनिटांनी नवं पान. पहिल्याच पानावर मोटारवाहनं दोनशेच्या वर गेली. शाळा भरण्याच्या तासाला सायकली १६३. बाजाराच्या दिवशी मोजू नका, 'आज गर्दी असतेच' म्हणून तो आकडा बाद करतात. तीन साध्या दिवसांची मोजदाद लावा.

निवेदनाची पोच आवक क्रमांकासह घेतली आणि पहिलं उत्तर लवकर आलं : 'सदर ठिकाणी जागा उपलब्ध नाही.'

इथून ते आठ महिने सुरू होतात.

मी विचारलं, जागा नाही हे कशावरून? रस्त्याची एकूण रुंदी किती, हद्द कुठवर? तर म्हणे, हा आधी राज्यमार्ग होता, आता राष्ट्रीय महामार्ग झालाय. जमिनीचे नकाशे जुन्या कार्यालयात असतील. जुन्या कार्यालयात गेले. तिथे सांगितलं, हस्तांतरणात सगळं दिलं. परत पहिल्या ठिकाणी : आमच्याकडे आलंच नाही. गुरुवारी मला शेवटचे दोन तास नसायचे, म्हणून मी गुरुवारी जायची. साहेब साइटवर. साहेब मीटिंगला. साहेबांची बदली. नवे साहेब रुजू झाले, त्यांना विषय पहिल्यापासून सांगितला. त्यांनी माझं पत्र 'आवश्यक त्या कार्यवाहीस्तव' तिसऱ्या कार्यालयाकडे पाठवलं, तिथून ते चौथ्याकडे गेलं आणि चौथ्याने पुन्हा पहिल्याकडे धाडलं. एकाच पत्रावर चार आवक शिक्के. एकदा तर टेबलावरच्या माणसाने मला समजावलं, 'मॅडम, हायवेला सायकल ट्रॅक फॉरेनमध्ये असतात.' मी हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्यालगतच्या ट्रॅकचा फोटो दाखवला : २३ किलोमीटर, वर सौर पॅनेलचं छत, २०२३ पासून सुरू. त्यांनी तो पाहिला, मोबाइल परत दिला आणि पुढच्या गुरुवारी यायला सांगितलं. त्या दिवशी मी बसस्टँडवर बसून रडले. एसटी एक तासाने होती.

माहितीचा अधिकार मी फार उशिरा वापरला, याची मला आजही चुटपुट आहे. पहिल्याच महिन्यात करायला हवा होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'जागा का नाही?' असा प्रश्न विचारायचा नाही, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागायचा : 'किलोमीटर अमुक ते तमुक या लांबीतील रस्त्याच्या जमिनीच्या रुंदीचा नकाशा, साक्षांकित प्रत.' एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. पण कलम ६(३) प्रमाणे संबंधित नसेल तर अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, अर्जदाराला तसंच परत धाडायचं नसतं. तेवढा एकच मुद्दा घेऊन मी वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं.

सुनावणीला अधिकाऱ्यांनी शिपायाला मागच्या खोलीतलं कपाट उघडायला सांगितलं. अर्ध्या तासात नकाशा टेबलावर आला. कापडी ट्रेसिंग, घड्यांवर पिवळं पडलेलं, कडेला वाळवीने कुरतडलेलं. त्यावर रुंदी लिहिली होती, ३० मीटर. आठ महिने तो त्याच इमारतीत होता. जिथे मी बाकावर बसायची, तिथून दोन खोल्या पलीकडे.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आम्ही रस्त्यावर. दुभाजकाच्या मध्यापासून १५ मीटर म्हणजे रस्त्याची हद्द. अर्धा दुभाजक, दोन लेन, साईडपट्टी आणि गटार मिळून दहा मीटरच्या आसपास होतात. उरतात जवळजवळ पाच! पंधरा मीटरची खूण बरोबर फाटकासमोरच्या चहाच्या टपरीच्या पायरीखाली आली. टपरीवाले काका म्हणाले, 'मॅडम, माझं दुकान जाणार का?' मी म्हटलं, काका, खरं काय ते बघू. त्यांनी स्वतःच शहाबादी फरशी उचलली. खाली माती, मातीत हद्दीचा दगड, कोपरा तुटलेला पण जागचा हललेला नाही. त्यांची छपरी दोन हात पुढे आली होती. मागे त्यांचीच जागा आहे, म्हणून छपरी त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत मागे घेतली. सगळ्यांकडून असं सहज होईल असं मी म्हणत नाही. पण नकाशा हातात असला की भांडण माणसाशी राहत नाही.

नंतरचं भराभर झालं. दगड सापडल्यावर संयुक्त मोजणी झाली, शाखा अभियंता स्वतः आले, अंदाजपत्रक बनलं.

आराखड्यात मात्र आपण लक्ष घालायचं. शाळा आणि मुली जिथून येतात त्या दोन्ही वाड्या रस्त्याच्या एकाच अंगाला आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकेरी ट्रॅक काढला असता तर मुली उलट्या दिशेनेच आल्या असत्या. आम्ही शाळेच्या अंगाला दुहेरी मागितला, ३ मीटर रुंद, आणि गटाराच्या पलीकडे झाडांची पट्टी सोडून. नुसता पांढरा पट्टा नको असं लेखी दिलं, कारण त्यावर ट्रक उभे राहतात. बसथांब्याशी ट्रॅक थांब्याच्या मागून न्यायचा, पुढून नाही. पेट्रोल पंपाच्या वाटेवर ट्रॅक खाली उतरवायचा नाही, त्याच उंचीवर पुढे न्यायचा, म्हणजे गाडीला चढून जावं लागतं आणि वेग आपोआप कमी होतो. पुण्यात सातारा रस्त्यावर मी मुद्दाम ट्रॅक पाहून आले. जिथे तो मध्येच तुटतो, तिथे सायकलवाला मुख्य रस्त्यावर येतो आणि पुन्हा आत जात नाही. म्हणून आमच्या १.८ किलोमीटरमध्ये एकही तुकडा 'नंतर करू' म्हणून सोडायचा नाही, ही अट मी शेवटपर्यंत धरली.

मागच्या महिन्यात चुन्याची फक्की मारून आखणी झाली. मधल्या सुट्टीत मुली ती बघायला फाटकापर्यंत धावल्या. मनगट मोडलेली आता दहावीत आहे. ती त्या दोन पांढऱ्या रेघांमधून टपरीपर्यंत चालत गेली आणि परत आली. मला अभिमान वाटला, तो लपवत नाही.

एक सांगायचं राहिलं. आखणी झाली की लगेच सुरुवातीचा, शेवटचा आणि प्रत्येक वळणावरचा फोटो काढा, फोटोत किलोमीटरचा दगड दिसेल असा. पहिल्या पावसात चुना वाहून जातो. आमचा गेला, आणि पुन्हा आखताना त्या फोटोंवरूनच आखलं.