टपावरच्या वायरींचं वय

आमच्या मोटारहोमचं सोलर आधीच्या मालकानं २०१२ साली बसवलेलं. शंभर-शंभर वॅटची चार पॅनल, सगळी पॅरलल, आणि फ्रिजच्या व्हेंटमधून खाली कंट्रोलरपर्यंत (पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणाऱ्या डब्यापर्यंत) उतरणारी दहा गेजची वायर. भेटणारा प्रत्येक जण पॅनलबद्दलच विचारतो, 'अजून चालतात का?' चालतात की! पॅनलचे जीव काचेखाली सुरक्षित आहेत. ॲरिझोनाचं ऊन, हायवेचा वारा आणि गाडीचे हादरे सोसते ती वायर, तिचे जोड आणि तिला बांधणारे टाय. म्हातारपण तिथून सुरू होतं.

हिवाळ्यात आम्ही टूसॉनहून क्वार्टझसाइटला जातो. तिथे ला पोसाच्या सरकारी वाळवंटी जागेत १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा मोठा मुक्काम करता येतो, पण तुमच्या गाडीशेजारी विजेचा खांब नसतो. सूर्य देईल तेवढं घ्यायचं. मागच्या हंगामात एरवी दुपारीच पूर्ण भरणारी बॅटरी संध्याकाळपर्यंत रेंगाळायला लागली.

संजय म्हणाला, "बॅटरी गेली. लिथियम घेऊन टाकू."

"थांब रे जरा. आधी मीटर लावू दे."

सांगलीत बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघून समाधान मानायची सवय मला नाही. पॅनल सोडून मोकळं मोजलं तर मीटर २१ व्होल्ट दाखवतो आणि सगळं आलबेल वाटतं. करंटच वाहत नसेल तर खराब जोडसुद्धा व्होल्टेज पाडत नाही. म्हणून भर दुपारी, बॅटरी चार्ज होत असताना, मी टपावर पॅनलच्या जंक्शन बॉक्समध्ये प्रोब लावले आणि संजयनं खाली कंट्रोलरपाशी. वर १७.८, खाली १५.६. क्लॅम्प मीटरवर २० ॲम्पियर.

आता हिशोब. दहा गेज म्हणजे आपल्याकडच्या मापात सव्वापाच स्क्वेअर एमएमची वायर. हजार फुटांना साधारण एक ओहम. आमची वायर जाऊन-येऊन पन्नास फूट, म्हणजे २० ॲम्पियरला एक व्होल्ट पडणारच. पडले २.२. जास्तीचे १.२ व्होल्ट गुणिले २० ॲम्पियर, म्हणजे २४ वॅट कुठेतरी नुसते उष्णता होऊन जात होते. आणि हे टपावर, रबराला खेटून.

ती जागा इन्फ्रारेड थर्मामीटरनं लगेच दाखवली. चार पॅनलच्या वायरी एकत्र आणणारा वाय-कनेक्टर. बाकीचे जोड चाळीसच्या आसपास, हा ऐंशीच्या वर. एमसी-४ कनेक्टर, म्हणजे सोलरच्या वायरी जोडायचे प्लग, वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी एकमेकांत बसतात, टिक असा आवाजही येतो, पण आतली पिन आणि सॉकेट यांची मापं आणि धातू तंतोतंत जुळतीलच असं नसतं. इथे एक अर्धा एका कंपनीचा होता, दुसरा दुसरीचा. काळं प्लास्टिक तोंडाशी तपकिरी होऊन फुगलेलं. पान्यानं खुलला नाही, शेवटी कापला. सॉकेटची पाकळी निळसर-काळी पडली होती, तिच्यात स्प्रिंग म्हणून काही उरलं नव्हतं.

कापलं आणि वायरीनं दुसरी गोष्ट सांगितली. वरचं इन्शुलेशन ठीक, आतल्या तारा काळ्या, मधूनमधून हिरवा कळंक. ओल जोडातून शिरते आणि तारांमधून आतपर्यंत ओढली जाते. वीतभर कापत मागे गेले तरी चकचकीत तांबं दिसेना. आधीच्या मालकानं साधी तांब्याची वायर वापरली होती. आता टाकली ती कथलाचा मुलामा दिलेली, आईच्या पितळी पातेल्यांना असायची तशी कल्हई केलेली.

जोडाबाबत माझं आणि बाबांचं एकमत झालं नसतं. ते सगळं सोल्डर करायचे. हलत्या गाडीत मला ते पटत नाही. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. चांगल्या टूलनं क्रिम्प (दाबून बसवलेला जोड), वरून गोंदवाली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, बस. पक्कडीनं दाबलेला क्रिम्प मात्र मी मोजतच नाही.

काम सूर्योदयाआधी उरकलं. पॅनलला स्विच नसतो, उजेड पडला की ती जिवंत. चालू करंटवर एमसी-४ ओढला तर डीसीची ठिणगी तुटत नाही, लांबत जाते. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी.

पांढरे टाय सगळे बोटानं मोडले. उन्हात ते बिस्किटासारखे होतात, मग सुटी वायर पॅनलच्या ॲल्युमिनियमच्या कडेवर घासत राहते. काळे, उन्हाला टिकणारे लावले. सीलंट लावायच्या आधी टप साबणपाण्यानंच धुतला, कारण आमचा टप ईपीडीएम रबराचा आहे आणि पेट्रोलियमवाला क्लीनर त्याला फुगवतो. व्हेंटमध्ये पॅकरॅटनं, म्हणजे काटक्याकुटक्या गोळा करणाऱ्या रानउंदरानं, काटक्यांचा संसार मांडायला घेतला होता, तोही हलवला. वायर कुरतडायच्या आत सापडला एवढंच.

वर होतेच, म्हणून दोन-दोन पॅनल सिरीजमध्ये घेऊन त्या जोड्या पॅरलल केल्या. व्होल्टेज दुप्पट, करंट निम्मा, त्यामुळे त्याच वायरीत नासाडी चौथा हिस्सा. कंट्रोलर शंभर व्होल्टपर्यंत चालणारा एमपीपीटी, म्हणजे पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीसाठी वापरणारा आहे, थंडीतल्या सकाळी चढणारं व्होल्टेजही तो पेलतो. एक तोटा आहे: एसीच्या खोक्याची सावली एका पॅनलवर पडली की जोडीदारही मंदावतो. त्यामुळे गाडी आता तोंड कुठे करून लावायची यावर आमची चर्चा होते. संजयला दारातून डोंगर दिसायला हवा असतो.

परवा मोजलं. वर ३५.६, खाली ३५.१. बॅटरी दुपारी दीडच्या आत भरली. संजय अजूनही लिथियमच्या किमती बघतोय. आता म्हणतो, "वायर चांगली झालीय, तर बॅटरीही चांगली नको का?"